भाड्याची कॅरव्हॅन

शेवटच्या सॉकेटला लावली, तरी चहाची इलेक्ट्रिक किटली ढिम्मच.

“दिवे लागतायत, म्हणजे करंट आहे. सॉकेटंच गंडलीत,” मी व्याह्यांना समजावलं. कॅरव्हॅन भाड्याची होती, पण पुण्यापासून या धरणाकाठापर्यंत मी तिचं कौतुक असं ऐकवलं होतं, जणू ती मीच घडवली. आता माघार कसली? टेस्टर काढला, एक सॉकेट उघडलं आणि त्याचा स्क्रू विहीणबाईंच्या चिवड्यात पाडला.

शेवटी बायकोनं दाराजवळचं झाकण उघडलं. आत मेन स्विच बंद होता. “दिवे बॅटरीवर चालतात, सॉकेटं या स्विचवर, हे गाडीवाला सांगत होता. तुम्ही त्याला ‘माहितेय’ म्हणालात,” असं म्हणत तिनं स्विच चालू केला. किटली लगेच गुरगुरायला लागली.

“पण बंद केला कुणी?” व्याह्यांनी विचारलं.

मीच. प्रवासाला निघताना मेन स्विच बंद करायचा, ही माझी जन्माची सवय. सकाळी गाडीत सामान ठेवून उतरताना दाराजवळचं झाकण उघडं होतं, आत स्विच दिसला आणि हात आपोआप गेला; वर झाकणही मीच लावलं. वाटेत बायकोनं विचारलं, तेव्हा “केलाय बंद” असं मी छातीठोकपणे सांगितलंही होतं.

बायकोचा चेहरा उतरला. “अहो, मग घरचा?”

घरी माझ्या झब्ब्यावर फिरवलेली इस्त्री चालूच होती. मेन स्विच बंद करणारच आहोत, तर तिचं बटण कशाला बंद करा?

व्याह्यांनी शांतपणे कप पुढे केला.

“चहा घेऊन निघू या.”