उपटलेली वायर

२०१८ सालच्या गॅदरिंगची गोष्ट. उसाच्या ट्रॉलीखाली गुडघा चेचल्याने संयोगिताचं नाचणं कायमचं सुटलं होतं, म्हणून बाईंनी तिला साउंडवाल्या आदगोंडाकाकांशेजारी गाणी लावायला बसवलं. स्टेजवर तिनेच बसवलेला नाच मैत्रीण प्राची नाचत होती. लोकांच्या टाळ्या ऐकवेनात, तेव्हा संयोगिताने हळूच गाणी लावायच्या प्लेअरची वायर उपटली. गाणं थांबलं तशी प्राची रडवेली झाली. “एवढंसुद्धा जमत नाही?” मुख्याध्यापक काकांवर खेकसले. काकांनी सगळं पाहिलं होतं. “चुकलं माझं, सर. वायर ढिली हुती,” ते म्हणाले. मग वायर तशीच राहू देत त्यांनी माईक संयोगितापुढे सरकवला. “गाणं पाठ हाय न्हवं? म्हण की गं पोरी.” मान खाली घालून ती गायली, प्राची नाचली. प्राची आता सांगलीत नर्स आहे. संयोगिता इस्लामपुरात खुर्चीत बसून मुलींचे नाच बसवते. काका गेल्या साली वारले. त्यांची माफी मागायची राहिली.