गॅस्परेचा अक्रोड

“गेला तो,” जुन्या लोखंडाचा व्यापारी वाल्देमारो म्हणाला. “भंगाराच्या ढिगात टाकला. आता त्यात कुठे शोधू?”

नोर्माने हातातली पिशवी टेबलावर आपटली. “अहो, कालच म्हणालात ना, बाजूला काढून ठेवतो म्हणून!”

“ठेवला होता. सकाळी तुमच्याकडूनच फोन आला. कुणी म्हातारा होता. ओत्तोरीनो बोलतोय म्हणाला. अक्रोड मिळाला, तुमचा नको. मग मी कशाला सांभाळत बसू?”

नोर्मा गाडीत येऊन बसली आणि तिने स्टीअरिंगवर मूठ मारली. असं पहिल्यांदाच झालं नव्हतं.

तिच्या वडिलांचं, ओत्तोरीनोचं, धनुष्य वसंतात बंद पडलं होतं. बाकावर टेकवून बाण मारायचं ते जुनं, पोलादी पात्याचं आडवं धनुष्य. ओत्तोरीनोच्या लग्नाच्या वर्षी गॅस्परे लोहाराने घडवलेलं. ताणलेली दोरी ज्या खाचेच्या चकतीत अडकते, तिला गावात सगळे अक्रोड म्हणत. तो अक्रोडच तडकला होता. गॅस्परे कधीच वारला होता आणि त्याची मापं त्याच्याबरोबर गेली होती. शहरातल्या लेथवाल्याने नवा करून दिला, तर पहिल्याच ताणाला दोरी सटकली आणि नोर्माच्या कानाजवळून सणसणत गेली. म्हणजे अक्रोड गॅस्परेच्याच हातचा हवा.

आधी ती गॅस्परेच्या बायकोकडे, झेलिंदाकडे गेली होती. सुट्या भागांचा एक डबा अजून आहे, असं म्हातारीने कळवलं होतं. नोर्मा पोचली तोवर डबा भंगारवाल्याकडे गेलेला.

“कुणीतरी फोनवर म्हणालं, नको आता,” झेलिंदा म्हणाली. “कोण ते काय माहीत! मला मेलीला धड ऐकू कुठे येतं?”

आणि आज हा वाल्देमारो.

“मिळाला?” रात्रीच्या जेवणाला ओत्तोरीनोने विचारलं. तो स्वतःच्या पेल्यात वाइन ओतत होता.

“नाही. परत कुणीतरी तुमच्या नावाने फोन केला.”

वाइन पेल्याच्या बाहेर गेली, टेबलक्लॉथवर लाल डाग पसरला, तरी तो ओततच होता. नोर्माने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. धनुष्य बंद पडल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. पत्ते खेळायला जाणं त्याने सोडलं होतं. पेपर घडी न मोडता तसाच पडून राहायचा. चौकात जुनी मित्रमंडळी समोरून आली तरी हा तोंड वळवून पुढे जायचा. माणूस नुसता घुसमटत होता.

“हे एजिस्तोचंच काम,” ती म्हणाली. “उत्सवातल्या नेमबाजीत तुम्ही नसलात की यंदा मैदान त्याचंच.”

“सोड ना, पोरी. यंदा राहू दे.”

“राहू दे? बाबा, तुम्ही बोलताय हे?”

ओत्तोरीनो पावाचा तुकडा मोडत राहिला.

उत्सव तोंडावर आला तशी नोर्माची झोप उडाली. शेवटी एका सकाळी ती तडक एजिस्तोच्या कोठारात शिरली. म्हातारा आपल्या धनुष्याला तेल लावत होता.

“फोन करताना लाज नाही वाटली, एजिस्तोकाका?”

“कसले फोन?”

तिने सगळं ओकून टाकलं. वाल्देमारो, झेलिंदा, तो डबा. तिचं बोलणं संपल्यावर एजिस्तोने चिंधीला हात पुसले.

“तुझा बाप नसेल तर मी हरवू कुणाला गं? त्या कालच्या पोरांना?”

“म्हणजे तुम्ही नाहीच म्हणणार.”

एजिस्तोचंही धनुष्य गॅस्परेनेच केलेलं होतं. त्याने हातोडीने खिळी ठोकून बाहेर काढली, आतला अक्रोड काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

“घे. बसेल व्यवस्थित.”

“आणि तुम्ही?”

“मी खाली गर्दीत उभा राहीन. तो चुकला तर हुर्यो करणारी सगळ्यांत मोठी शिट्टी माझी असेल, एवढं सांग त्याला.”

अपराधी माणूस असाच एकाएकी उदार होतो, असं मनात म्हणत नोर्मा बाहेर पडली. पण रस्त्यात तिला रडू आवरेना. इतक्या महिन्यांच्या वणवणीनंतर अक्रोड हातात आला होता. या वेळी तिने कुणालाही सांगितलं नाही, बाबांनाही नाही. धनुष्य गुपचूप जोडलं आणि उत्सवाच्या दिवशी थेट चौकात नेऊन बाकावर ठेवलं.

ढोल वाजत होते. खिडक्याखिडक्यांतून झेंडे सोडले होते. गर्दीत उभ्या ओत्तोरीनोचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याला वाटलं, चूक झाली.

“चूक नाही,” नोर्माने हसत त्याचा हात धरला. “चला, बाबा.”

तिने त्याला बाकापाशी आणून बसवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने धनुष्यावरून बोटं फिरवली, अक्रोडाशी आणून थांबवली.

“कुणाचा?”

“एजिस्तोकाकांनी दिला. स्वतःच्या धनुष्यातला काढून.”

ओत्तोरीनोने डोळे मिटले, पुन्हा उघडले. नोर्माने दोरी ताणून अडकवली. अक्रोडाने ती घट्ट धरली. तिने बाण ठेवला आणि ती मागे सरली.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर समोर, ताटाएवढं लक्ष्य उन्हात चमकत होतं. मधलं वर्तुळ नुकतंच काळ्या रंगाने रंगवलेलं. ढोल थांबले. ओत्तोरीनोने दांड्यावर गाल टेकवला. बराच वेळ तो तसाच राहिला. गर्दीत कुणी खोकलं, कुणी त्याला गप्प केलं.

गाल न उचलता त्याने नोर्माला जवळ बोलावलं. ती वाकली.

“पोरी, ते फोन एजिस्तोने नव्हते केले,” तो पुटपुटला. मग त्याने विचारलं, “समोर लक्ष्य लावलंय का गं?”