बोनेटवरचा चॅम्पियन

आमच्या नेरचा राजदीप ताशी दोनशेच्या वेगानं रेसची गाडी पळवायचा, पण दोन वर्षांत अंगावर साधा ओरखडा नाही. कोइम्बतूरला देशात पहिला आला, तेव्हा गावानं त्याला हार घालून जीपच्या बोनेटवर बसवला आणि मिरवणूक काढली. जन्मभर मागच्या सीटवर बसून फिरलेले आमचे पुढारी, भैयासाहेब, फोटोसाठी स्वतः स्टिअरिंगवर बसले. चौकात त्यांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. जीप भिंतीवर आदळली आणि राजदीपचा उजवा पाय कायमचा गेला.

परवा रस्ता सुरक्षा सप्ताहात प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या भैयासाहेबांनी त्याला कॉलेजच्या पोरांसमोर कुबड्यांसकट स्टेजवर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि माईक घेतला.



“पोट्टेहो, पाहून घ्या. गाडी जोरात हाणली का असं होते!”