टाकीपाशी माणूस

"नाही सर, वर्तुळच हवं," आभा म्हणाली.

टेबलावर कारखान्याचा नकाशा पसरला होता. पनवेलच्या पुढे, खाडीला लागून असलेला रसायनांचा कारखाना. मधे कंट्रोल रूम, भोवती शेड, आणि पार टोकाला अमोनियाची टाकी. कारखान्यात नुकतेच कॉम्प्युटर आले होते. त्यांचे नेटवर्क स्विच एकमेकांना कसे जोडायचे, तेवढं आज ठरायचं होतं. ती आखणी इंजिनियर आभाकडे होती.

"अहो मॅडम, झाडासारखं करू की. वर मेन स्विच, खाली फांद्या. सोपं आणि स्वस्त," मॅनेजर कमलाकर म्हणाले.

"फांदी तुटली की टाकीच्या गळतीचा अलार्म इकडे पोचणारच नाही. वर्तुळात एकीकडे केबल तुटली, तर निरोप दुसऱ्या बाजूने फिरून येतो."

खरंच होतं ते. पण त्यात तिचं स्वतःचंही एक कारण होतं. अलार्म असा खात्रीचा झाला, की टाकीजवळची केबिन बंद होणार होती. तिथे राखणीला बसणारा ऑपरेटर कंट्रोल रूममध्ये येणार होता. तो ऑपरेटर म्हणजे तिचा नवरा, सत्यजीत. अमोनियाच्या वासात बसून बसून त्याची छाती पार खराब झाली होती. त्याला ढास लागली की तान्ही प्राची दचकून रडायची. मग तो तोंडावर पंचा दाबून जिन्यात जाऊन उभा राहायचा.

"बरं बाई, घ्या तुमचं वर्तुळ!" कमलाकर हसले. "विठू, केबल कधी पडतेय?"

केबलचा ठेकेदार विठू दारातच होता. "उद्या पडल, सायेब. जानारी नि येनारी, दोन्ही एकाच चरात टाकनार. मागं सगला चिखल हाय, खोदाला जमत नाय."

आभाचा हात नकाशावरच थांबला. "एकाच चरात? एक कुदळ पडली तर दोन्ही जातील!"

"दुसरा चर उन्हाळ्यात बघू," कमलाकर म्हणाले. "कागदावर वर्तुळ आहे ना? हेड ऑफिस कागद बघतं. आणि तुमच्या घरचंच भलं होतंय, मॅडम. करा सही."

खिडकीबाहेर, कुंपणाला चिकटून कामगारांच्या खोल्या होत्या. दोरीवर कुणाच्या तरी बाळाची दुपटी वाळत होती.

आभाने खोडरबर घेतलं. वर्तुळाची मागची रेघ पुसली. कागद विरेपर्यंत पुसत राहिली. उरलं ते झाड. त्याखाली तिने लिहिलं : टाकीपाशी माणूस कायम हवा.

कमलाकरांनी वाकून ती ओळ वाचली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ठीक आहे. पण सत्यजीतला काढू तिथून. नवा परेश आहे, त्याला बसवतो. काय?"

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"गळती झाली तर कुठली झडप आधी बंद करायची, ते परेशला अजून कळत नाही, सर," ती म्हणाली. "ह्यांनाच बसू दे."