सगळ्यांच्या आधी हसणारा

"ज्याला सगळे छळतात तो दरवेळी रडतोच असं नाही," समुपदेशक मॅडम आठवीच्या वर्गाला बजावत होत्या. "उलट स्वतःवरच्या विनोदाला तोच सगळ्यांच्या आधी हसतो. हसला नाही तर आणखी छळतील ना. असं कोणी दिसलं, तर गंमत म्हणून सोडून देऊ नका. लगेच येऊन मला सांगा."

मधल्या सुट्टीत वर्गाची मॉनिटर खडू आणायला शिक्षकांच्या खोलीत गेली. तेवढ्यात चित्रकलेचे नवे सर हातात डबा घेऊन आत आले.

"अहो काडीपैलवान, जपून. पंखा जोरात आहे, उडून जाल," तिथे बसलेल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या आणि खोलीत हशा पिकला. सर तर सगळ्यांच्या आधी हसले. मग डबा तसाच घेऊन बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

खडू मिळाले तरी मॉनिटर दारातच घुटमळत राहिली.

"काय गं, काही सांगायचंय का?" मॅडमनी मायेनं विचारलं.



"हो मॅडम. पण तुम्हाला सोडून कोणाला सांगायचं, ते तुम्ही शिकवलंच नाहीत."