पाठमोरी

“अजून मोठी कर,” सासूबाई म्हणाल्या. “कान गेलेत तेवढं पुरे. डोळे बारीक करत बसले तर मुली काय म्हणतील?”

सुनेने अक्षरं आणखी वाढवली. काळ्या पट्टीवर पिवळी, बोटाएवढी. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्यापुढे सासूबाई, गळ्यात मोजायची टेप. मुलींनी विचारलेलं ऐकू येईना म्हणून बंद पडलेला त्यांचा शिवणक्लास उद्यापासून ऑनलाइन पुन्हा सुरू होणार होता. बोललेलं स्क्रीनवर उमटणार आणि त्या वाचून उत्तर देणार. बाराजणींनी नावं दिली आहेत, असं सुनेनेच सांगितलं होतं.

“झालं. आता बघा हं, आई,” सून म्हणाली.

झालं आता बघा हं आई, पट्टीवर अक्षरं धावत आली.

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! हा तर तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलतो.”

तेवढ्यात आणखी एक ओळ उमटली. आजी मी खडू खाल्ला.

दोघी एकदमच टेबलाखाली वाकल्या. कापडावर खुणा करायचा निळा खडू चोखत छकुली खाली बसली होती.

“सापडलीस!” सासूबाई हसता हसता खोकायला लागल्या.

सून लेकीचं तोंड पुसत होती तोच फोन वाजला. तिच्या ताईचा.

या घरात खासगी बोलायला कुणी दुसऱ्या खोलीत जात नसे. सासूबाई ओठांवरून बोलणं ओळखत. त्यामुळे सांगायचं असलं की समोर यायचं, नसलं सांगायचं की पाठ फिरवायची. त्यांचा मुलगा तेच करायचा, येणारे-जाणारेही शिकले होते. सुनेने लेकीला कडेवर घेतलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

“हो गं ताई, उद्यापासूनच. कसल्या बारा! चौघी आहेत, त्याही माझ्याच ऑफिसातल्या. प्रत्येकी तीन-तीन नावांनी येतील. हातापाया पडून तयार केलंय बाई. छे, शिकायचंय कुणाला? कॅमेरा बंद ठेवा, मधूनमधून ‘हो मॅडम’ म्हणा आणि आपली कामं करा, असं सांगून ठेवलंय. म्हातारीचं मन रमेल तेवढंच. थकली की करेल आपोआप बंद.”

ती हसलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं, मागचा खोकला केव्हाच थांबला होता.

ती वळली. पट्टी वरपासून खालपर्यंत भरली होती. सासूबाई एकेका शब्दाखाली बोट सरकवत होत्या.

फोन तसाच टेबलावर टाकून ती लॅपटॉप मिटायला झेपावली. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

“थांब. पुरं वाचू दे.”

बोट ‘म्हातारीचं’पाशी थांबलं. मग पुढे सरकलं, शेवटच्या शब्दापर्यंत गेलं.

“आई, तसं नव्हतं म्हणायचं मला...”

आई तसं नव्हतं म्हणायचं मला. तेही उमटलं. त्याच पिवळ्या अक्षरांत, त्याच ओळींच्या खाली, एका दमात बोलल्यासारखं. सुनेने ओठ मिटून घेतले. पुढचं काहीही बोललं तरी ते तिथेच जाऊन बसणार होतं. तिला वाटलं, सासूबाईंनी निदान ओरडावं. लेकीसमोर घालूनपाडून बोलावं. कडेवरची छकुली निळ्या बोटांनी तिची बट ओढत होती.

सासूबाईंनी गळ्यातली टेप काढली. दोन बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“चौघी तर चौघी,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा लागला होता, तो त्यांना कळला नसावा. “फोन कर त्यांना. एकेकीने एकदाच यायचं, स्वतःच्या नावाने. कॅमेरा चालू ठेवायचा. घरातला एखादा जुना कपडा आणि बारीक कात्री घेऊन बसायचं.”

सुनेने मान हलवली.

“आणि पाचवी तू. माझ्याकडे पहिल्या दिवशी शिवायला शिकवत नाहीत. आधी उसवायचं. कापड न फाडता.”

त्या हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. सुनेला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी ती ते सगळं स्क्रीनवरूनच वाचत राहिली.