स्ट्रायकरवरची तुकडी

टेबलावर मांडलेल्या लढाईत माझ्या बोटांतून रणगाडा निसटला आणि शेजारचे चार उधळून गेला. करंगळीच्या नखाएवढे ते रणगाडे. सगळे मीच रंगवलेले, कंपवात जडायच्या आधी.

"ताई, तुम्ही नुसते फासे टाका," आमच्या युद्धखेळांच्या क्लबातला सरपोतदार म्हणाला. "रणगाडे आम्ही हलवू."

प्रेमाने म्हणाला, म्हणूनच जास्त झोंबलं.

पुढच्या रविवारी, मोठी लढाई मांडण्याआधी, कोणते नियम वापरायचे ते ठरवायला सगळे जमलो. सगळ्यांचा कल नियमांच्या जाड पुस्तकाकडे. त्यात प्रत्येक रणगाडा वेगळा हलतो. मी पातळ पुस्तक टेबलावर आपटलं.

"यात अख्खी तुकडी एकदम हलते. एवढी मोठी लढाई, आणि सेनापती काय एकेक रणगाडा ढकलत बसणार?"

"पण तुकडी एकदम सरकवायची कशी?" सरपोतदारने विचारलं.

मी बिस्किटांचा डबा उघडला. आत कॅरमचे जुने स्ट्रायकर, आणि प्रत्येकावर चिकटवलेले तीन-तीन रणगाडे. काही वाकडे बसले होते. चिकटवताना हात माझं ऐकत नव्हताच. मीही त्याचं ऐकलं नाही.

सरपोतदार सोडून सगळ्यांनी पातळ पुस्तकाला मत दिलं. मग मी त्यालाच समोर बसवलं आणि पहिल्या स्ट्रायकरवर बोट टेकवलं. बोट थरथरलं, रणगाडेही थरथरले, पण तिन्ही एका रांगेत टेबलावरची नदी ओलांडून थेट त्याच्या तोफांपुढे जाऊन उभे राहिले.

"ताई, टेबल हलतंय," तो म्हणाला.

"रणगाडे आले की जमीन हलतेच," मी म्हटलं. "तू तुझ्या तोफा सांभाळ."